माणशी भाडं

लातुरात आता खोलीचं भाडं नसतं, माणशी भाडं असतं. क्लासला येणाऱ्या पोरांमुळे ही रीत पडली. खोलीत चार कॉट टाकायच्या आणि कॉटमागे भाडं घ्यायचं. माझ्या घरातल्या तीन खोल्या मीही तशाच दिल्या आहेत. चौथी खोली मागे, पाण्याच्या टाकीला लागून. तिथे कॉट मावत नाही, म्हणून ती मी एका कुटुंबाला दिली. मुदखेडकडची माणसं. नवरा नव्या होस्टेलांत फरशी बसवायचा, बायको पोरांच्या मेसमध्ये भांडी घासायची. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी.

"किती माणसं?" मी विचारलं.

"तीन," बायको म्हणाली.

"मग तिघांचं भाडं. पाहुणा राहिला तर त्याचंबी लागंल."

"हाव, मावशी."

पोर शांत होती. इतकी शांत पोर मी पाहिली नव्हती. शाळेतून आली की माझ्या उंबऱ्याशी बसायची. एकदा शेंगदाणे दिले तर तिने डावा हात पुढे केला. मी दटावलं. दुसऱ्या दिवशी उजवा हात आला, जसा काही जन्मापासून तोच पुढे करत होती. मला बरं वाटलं. मग तिसऱ्या दिवशी पुन्हा डावा.

एकदा तिच्या गुडघ्यावर खपली दिसली. दुसऱ्या दिवशी गुडघा साफ. मी म्हटलं, पडली असेल खपली. त्याच्या पुढच्या दिवशी खपली परत जागेवर होती.

मग दुपारचा आवाज सुरू झाला. नवराबायको कामावर, पोर शाळेत, खोलीला बाहेरून कुलूप. आणि आतून कुणीतरी हळू आवाजात पाढे म्हणत होतं. माझ्या हातातला तांब्या टाकीवर आपटला, तसा आवाज थांबला. मी कितीतरी वेळ उभी राहिले. आत कुणी श्वास घेतल्याचंही कळेना.

शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "काकू, लिंबू उतरून टाका. त्या खोलीत कायतरी हाय."

मी म्हटलं, "असू दे. भूत निघालं तर त्याचंबी भाडं लावीन."

ती हसली. मीही हसले, पण त्या दिवसापासून टाकीवर एकटी जाताना पदर आवरून घ्यायला लागले.

शेवटी मी पोरीलाच धरलं. "काल दिलेले शेंगदाणे खारट होते का गं?"

ती जरा थांबली. "न्हाई आज्जी, चांगले होते."

आदल्या दिवशी मी तिला गूळ दिला होता.

दुसऱ्या दिवशी पोर दप्तर घेऊन माझ्यासमोरून शाळेला गेली. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी बघत होते. मग माझ्याकडची दुसरी किल्ली काढली आणि मागची खोली उघडली. वळकटीला टेकून तीच पोर बसली होती. तोच चेहरा, तेच केस. दचकली नाही. हळूच म्हणाली, "आज्जी, आज माझी बारी न्हाई."

जुळ्या होत्या. गणवेश एक, चपलांचा जोड एक, शाळेत नाव एक. एक दिवस ही बाहेर, एक दिवस ती.

संध्याकाळी मी आईला गाठलं. "मला येडी समजलीस व्हय?"

"मागच्या घरी चार म्हणलं होतं मावशी. भाडं झेपंना म्हणून तिथून उठलो. तुम्ही इचारलं अन् तोंडातून तीनच निघालं."

"मग आता चौथीचं पडंल."

ती रडली-बिडली नाही. म्हणाली, "एकीला मुदखेडला आईकडं धाडते. शाळा न्हाई व्हायची, शेळ्या राखंल."

"कुणाला धाडतीस?"

तिने पोरींकडे पाहिलं. दोघी भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. त्या आईकडे बघत नव्हत्या. खुंटीवरच्या गणवेशाकडे बघत होत्या, दोघी, मान एकसारखी तिरकी करून.

मला दया आली असं कुणी समजू नये. मला तिथे उभं राहवेना, एवढंच. "राहू दे," मी म्हटलं. "खोलीचं भाडं दे. मी डोकी मोजणार न्हाई. अन् दुसरीला शाळेत घाल."

सकाळी मीच आई अन् दोघी पोरींसोबत शाळेत गेले. गुरुजी दोघींकडे बघतच राहिले. म्हणाले, "तरीच! एक दिवस घडाघडा उत्तर द्यायची, दुसऱ्या दिवशी तेच विचारलं तर कोरी. मला वाटलं, पोरीला काही बाधा आहे."

त्यांनी रजिस्टर उघडलं आणि दुसरीला विचारलं, "तुझं नाव काय?"

तिने बहिणीचं नाव सांगितलं.

"ते हिचं झालं. तुझं सांग."

तिने परत तेच सांगितलं. शेवटी आईने पाळण्यातलं नाव सांगितलं, मोठ्याने. ती पोर मागे वळून दाराकडे बघायला लागली, कुणाला हाक मारली म्हणून.

आता दोघी शाळेत जातात. दुसरा गणवेश आला, चपलाही आल्या. पण घरी अजून तसंच चालतं. एक अंगणात आली की दुसरी उठून आत जाते. कुणी सांगत नाही, रागवत नाही. पाय आपोआप वळतात. मी ओरडते, "दोघी या गं बाहेर! कुणी खात न्हाई तुम्हाला." मग दुसरी दारात येते, आणि लगेच पहिली उठायला लागते.

डोकी मोजणार नाही म्हटलं होतं, पण आता रोज मोजते. अंगणात दोन भरल्याशिवाय मी उंबरा सोडत नाही.