पद्मिनीचा क्लच काढला: कळवा, डोंबिवली, दुर्गाडी

"गुडघा गेला म्हणून गाडी पण विकायची काय?" असं मीच विचारलेलं. आमच्या ह्यांचा डावा गुडघा कामातून गेलाय. ट्राफिकमध्ये क्लच दाबून दाबून रात्री झोप नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी सोडा. तेव्हापासून हे घरात बसून पंख्याकडे बघायचे. असा बसलेला माणूस मला बघवत नाही. मग कळलं, डोंबिवलीत एक मिस्त्री जुन्या गाडीत नव्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून देतो. क्लच नाही, डाव्या पायाला कामच नाही. म्हटलं, चला.

रस्ता सांगते. कळव्याहून मुंब्रा, मग शिळफाटा, तिथून कल्याणच्या रस्त्याने डोंबिवली. सकाळी लवकर निघा, नाहीतर शिळफाट्याला ट्रेलरच्या मागे उभं राहून जेवायची वेळ होईल. मिस्त्री, बाळा नाव त्याचं, स्वतः गाडी न्यायला आलेला. आमची गाडी म्हणजे जुनी पद्मिनी, तिला पुढची सीट एकच लांब आणि गिअर स्टिअरिंगला, म्हणून तिघं पुढेच बसलो, मी मध्ये. कोळीवाड्यातल्या लग्नांत कितीतरी नवरानवरीच्या जोड्या ह्यांनी ह्याच गाडीतून अशाच आणल्या, दोघंही पुढे, ह्यांना चिकटून.

"दादा, ही सीट कापावी लागेल," बाळा म्हणाला. "नवा गिअर खालून येणार, मधोमध."

"कापायची?" हे म्हणाले.

"मग काय पाय कापू तुमचा?" मी बोलले.

बाळा जाम हसला. हे खिडकीबाहेर बघत राहिले.

गाडी सोडून आम्ही मानपाडा रोडला मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत, पाव मात्र कालचा. हे म्हणाले, "जुना बॉक्स ठेवेल ना तो?" मी म्हटलं, "ठेवून लोणचं घालायचंय?" विषय संपला.

दीड महिन्याने गाडी तयार. ह्या वेळी रिक्षा बदलत बदलत गेलो, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. गॅरेजच्या आसपास खायला धड काही मिळत नाही, तुम्ही पण बांधून न्या. खर्चाचं विचारू नका, तेवढ्यात बरी सेकंडहँड गाडी आली असती. आणि आरटीओत आधी स्वतः जाऊन विचारा, मिस्त्रीच्या शब्दावर राहू नका.

बाळाने काम चोख केलेलं, खोटं कशाला बोलू. खालचा पत्रा कापून रुंद केलेला, मागच्या चाकांना फिरवणारा दांडा आखूड केलेला. पुढे दोन सीटा, मध्ये नवा गिअर. क्लचच्या जागी काहीच नाही, ब्रेकचा पेडल तेवढा रुंद.

"डावा पाय मागे घेऊन बसा दादा, विसरूनच जा तो आहे म्हणून," बाळाने बजावलं आणि मागे बसला. ठरवलेलं की आधी कल्याणला दुर्गाडीला जायचं, देवीसमोर नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबं ठेवायची, मग घरी.

सुरुवातीला मस्त. हे गुणगुणायला लागले. मी खूश.

पत्रीपुलावर गर्दी लागली. पुढची रिक्षा हळू झाली आणि ह्यांचा डावा पाय आपोआप उठला. गिअर बदलायचा म्हणून क्लच समजून त्यांनी तो दणकन ब्रेकवर मारला. गाडी जागच्या जागी थांबली. माझं डोकं काचेवर जाता जाता राहिलं. मागून बाईक धडकली.

"ओ काका, पुलावर काय ब्रेक मारता? झोपलात काय?" बाईकवाला ओरडला. लागलं कोणाला नाही.

"होतं दादा असं, सगळ्यांचंच होतं," बाळा म्हणाला. "पंधरा दिवसांत सवय होईल."

पूल उतरेपर्यंत आणखी दोनदा झालं. तिसऱ्यांदा शाळेच्या गणवेशातली एक मुलगी रस्ता ओलांडत होती, मागचा टेम्पो आमच्या मागे तिरका झाला तो तिच्यापासून हातभर लांब थांबला. ह्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि उतरले.

"मिस्त्री, तुम्ही घ्या पुढे."

"अहो, बसा, काही झालं नाही," मी म्हटलं.

"झालं असतं," हे म्हणाले.

दुर्गाडीला नारळ ह्यांनीच फोडला. लिंबांवरून गाडी मात्र बाळाने नेली. खाडीवरून वारा छान येतो तिथे, संध्याकाळी जरूर जा. आम्ही थांबलो नाही.

जुना बॉक्स परत बसेल का, विचारलं मी. बाळा म्हणाला, "ताई, तो भंगारात गेला. आणि पत्रा कापलाय तो कसा भरू?"

मला नुसता गुडघाच दिसला होता. एवढी वर्षं जो पाय क्लचवर जायचा, तो कुठे जाईल ते नाही दिसलं. तुम्ही कोणी हे करणार असाल तर पैसे द्यायच्या आधी माणसाला दुसऱ्या कोणाच्या ऑटोमॅटिक गाडीत बसवा, मोकळ्या मैदानात. आम्ही नाही बसवलं.

परवा मी म्हटलं, ड्रायव्हिंग क्लास लावते, मी शिकते. बिनक्लचची आहे, मला जमेल. हे म्हणाले, "शीक." शर्टाच्या खिशातून किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली आणि पाणी प्यायला आत गेले. मला वाटलेलं, नाही म्हणतील.