निकाल अधिकृत होईपर्यंत

जगात कुठेही निवडणूक लागली, की दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या गुणवंतरावांचं काम वाढायचं. तिथे कोण उभं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. निवडून येईल त्याला आपल्या सरकारने पाठवायच्या अभिनंदनाचा मसुदा करायचा, ही त्यांची परराष्ट्र मंत्रालयातली नोकरी. मसुदे नेहमी दोन. हा जिंकला तर हा, तो जिंकला तर तो. निकाल लागला की एक जायचा, दुसरा फाडायचा. एखादा उमेदवार मोजणी संपायच्या आधीच गुलाल उधळायला लागला, तर साहेब विचारत, "आता काय म्हणायचं?" गुणवंतराव म्हणत, "आपण घडामोडींवर लक्ष ठेवून आहोत." यापुढे त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही, त्यामुळे कधी घसरलेही नाहीत.

अडचण एवढीच, की संध्याकाळी ते मंत्रालय सोबत घरी आणत. मुलगी रेवती बारावीला वर्गात पहिली आली, तेव्हा त्यांनी आधी गुणपत्रिका मागितली. "पप्पा, यार, शाबासी तो दो!" ती म्हणाली. त्यांनी नोंद घेतली.

आणि मग अहिल्याबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, सेक्टरच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. समोर तळमजल्यावरच्या लताताई. त्या इतकी वर्षं अध्यक्ष होत्या, की नव्या लोकांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. लताताईंचे यजमान राजाभाऊ रोज गुणवंतरावांच्या स्कूटरवर मागे बसून ऑफिसला जात.

"मी निवडून येईन ना हो?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"हा मंडळाचा अंतर्गत प्रश्न आहे."

"मत तरी मला देणार ना?"

"मतदान गुप्त असतं, अहिल्या."

अहिल्याबाईंनी पुढची पोळी अशी लाटली, की ती पोळपाटाबाहेर गेली.

मोजणीच्या दिवशी बिस्किटांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या उलगडल्या आणि अहिल्याबाई थोडक्यात जिंकल्या. हॉलभर टाळ्या. अहिल्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचे हात गुडघ्यांवर. कारण लताताईंनी हात वर केला होता, "फेरमोजणी!"

"अहो, बायको जिंकली, टाळी तरी वाजवा," शेजारचा म्हणाला.

"निकाल अधिकृत होऊ द्या."

फेरमोजणीतही तेच निघालं. सचिवांनी सही केली. तेव्हा कुठे गुणवंतराव उठले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, "अहिल्याबाई, आपल्या विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन. उभय पक्षांतले दीर्घकालीन संबंध यापुढे अधिक दृढ होतील अशी आशा आहे."

"म्हणजे आहेत अजून!" मागून कुणीतरी ओरडलं. अहिल्याबाईसुद्धा हसल्या. त्या आनंदात गुणवंतरावांनी राजाभाऊंच्या हातात स्कूटरची किल्ली दिली, "डिक्कीतला गुच्छ आणा बरं."

राजाभाऊ दोन गुच्छ घेऊन आले. "गुणवंतराव, हा दुसरा आमच्या हिच्या नावाचा दिसतोय. 'फेरनिवडीबद्दल अभिनंदन.'"

अहिल्याबाई नवऱ्याकडे वळल्या.

"तशी पद्धत आहे गं," गुणवंतराव पुटपुटले, "दोन्ही तयार ठेवायचे..."

अहिल्याबाईंनी तो गुच्छ उचलला आणि थेट लताताईंच्या हातात दिला. "ताई, उपाध्यक्ष व्हा. नाही म्हणू नका, आमच्या घरूनच आलाय."

लताताईंनी फुलं हुंगली. "ताजी आहेत हं. म्हणजे गुणवंतरावांनी मनापासून आणली."

घरी जाताना अहिल्याबाई स्कूटरवर बसेनात. गुणवंतराव स्कूटर ढकलत शेजारून चालू लागले.

"आता तरी सांगा. मत कुणाला दिलंत?"

गुणवंतरावांनी मागे पाहिलं. राजाभाऊ बरेच लांब होते. त्यांनी घसा खाकरला.

"तुला."

"मोठ्याने म्हणा."

"हे अधिकृत नाही हं. सूत्रांकडून कळलं असं समज."

अहिल्याबाई हसू दाबत थांबल्या, पदर सावरला आणि मागच्या सीटवर बसल्या. गुणवंतरावांचा जीव भांड्यात पडला. किक मारता मारता त्यांनी हळूच विचारलं, "जेवायला काय आहे?"

"घडामोडींवर लक्ष ठेवा," नव्या अध्यक्षबाई म्हणाल्या.