न उलगडलेली घडी

सत्तरच्या दशकात नागपुरात आमच्या विणकरांच्या सोसायटीत मी तपासनीस होतो. तपासनीस! नाव केवढं, अन् काम काय, तर आलेलं लुगडं टेबलावर पदरापासून टोकापर्यंत उलगडायचं, भिंगाखाली आडवे धागे मोजायचे, ठीक असेल तर कोपऱ्यावर शिक्का मारायचा. त्यासाठी पंधरा दिवसांचं ट्रेनिंग घेतलं होतं. तिथले साहेब बजावत, "दोषावरून विणकराला बोलू नका, पण दोष झाकूही नका. त्याच दिवशी दाखवा." मी ते वहीत उतरवलं अन् वही कपाटात टाकली.

आमच्यात म्हाताऱ्या विणकरानं घडी घालून दिलेलं लुगडं त्याच्यादेखत उलगडत नसत. तो त्याच्या हाताचा अपमान. नोकरी लागली तसा मी हा रिवाज मोडला, सगळ्यांचंच उलगडू लागलो. पण माझे बाबा त्यांचं लुगडं घेऊन आले की हात घडीवरच थांबायचा. त्यांची नजर गेल्यातच जमा होती, माग चालायचा तो हाताच्या सवयीनं, ताटातली भाकरी ते चाचपून घ्यायचे. लुगड्यात दोष राहत असणार, मला कळत होतं हो! तरी शिक्का मारला.

महिनाभरात दुसरे एक म्हातारे टेबलाशी येऊन ओरडले, "बापाची घडी तशीच ठेवतं, अन् माही काहून उलगडून राहिला गा?" त्यांचीही तशीच ठेवली. मग तरण्यांचीही. धागा तुटला तरी कोणी मागे जाऊन जोडेना, मधल्या घडीत पाहतंय कोण?

सोसायटीचं सगळं पोट एका मोठ्या ऑर्डरवर होतं. तो माल गठ्ठेच्या गठ्ठे परत आला, यापुढे पाठवू नका म्हणून. सोसायटीच्या कमिटीनं विणकरांना सूत देणं बंद केलं, अन् गल्लीतली मागांची खटखट एकेका घरातून थांबत गेली. मी वेड्यासारखा गठ्ठे फोडून धड लुगडी निवडत होतो, ती घेऊन व्यापाऱ्यांच्या पाया पडत होतो. माझा शिक्का पाहिला की कोणी हात लावेना. जीव द्यावासा वाटे.

त्या गठ्ठ्यांतलं बाबांचं एक लुगडं मी घरी आणलं. लपवायलाच आणलं, खोटं कशाला बोलू? पण बाबांना चाहूल लागलीच, त्यांनी ते माझ्याकडून मागून घेतलं, मांडीवर उलगडलं अन् बोटं फिरवत गेले. मधोमध थांबले. तिथं चार बोटांचा पट्टा विरळ होता.

"तुले मालूम होतं?"

"हो, बाबा."

"मंग सांगितलं काहून नाही? पुढच्या लुगड्याले तुह्या मायले बाजूले बसवलं असतं. तिची नजर अजून धड आहे ना गा."

मला रडू आवरेना. त्यांनी लुगड्याची नीट घडी घातली अन् माझ्यापुढे धरली.

"मार आता नापासचा शिक्का."

"तसा शिक्का आपण कधी बनवलाच नाही, बाबा," मी म्हणालो.