मे महिन्यातलं इरलं

माझ्या उजव्या गालावर काळा डाग आला, तेव्हा मी म्हटलं, आंब्याचा चीक उतला. हंगामात चिकानं कुणाचं तोंड भाजत नाही? कोकमाचं तेल चोपडलं आणि विसरले. पुढचा हंगाम आला तरी डाग जाईना. उलट खपली धरून रक्त यायला लागलं. चीक एवढा टिकत नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. सुनेच्या शिरलं. तिनं मला ओढत रत्नागिरीला डॉक्टरणीकडे नेलं.

तुकडा काढून तपासला. कातडीचा कॅन्सर निघाला.

"कशानं झाला?" मी विचारलं.

"उन्हानं, आजी. उन्हात कुठे बसता?"

कुठे म्हणजे? दारापुढच्या खळ्यात. आमरसाची साटं, म्हणजे आंबापोळी, वाळत घालायची आणि काठी घेऊन कावळे हाकायचे. जन्मभर बसायची जागाही एकच, ऊन उजव्या गालावर.

"सावळ्या कातडीला हा कमी होतो, पण होतच नाही असं नाही. वेळेत आलात. काढून टाकू."

काढला. सगळा निघाल्याचं कळलं, तेव्हा मी पहिलं विचारलं, "यंदा साटं घालू ना?"

"आई, खळ्यात पाऊल टाकायचं नाही!" सून तिथेच ओरडली.

डॉक्टरीण म्हणाली, "भर दुपारी नको. एरवी तोंड, मान, हात झाकून जा."

मी घरी आले आणि गोठ्याच्या माळ्यावरून इरलं काढलं. भात लावताना पावसात पाठीवर घ्यायचो ते, बांबूचं आणि पानांचं. डोक्यापासून कमरेपर्यंत सावली! आत मुलाचा पुऱ्या बाह्यांचा शर्ट चढवला आणि साटं घालायला बसले.

दगडी गडग्यापलीकडून जाऊ बोंबलली, "अगो, आभाळात ढग नाही, लावणीला कुठे चाललीस?"

"तुझ्या परड्यात!"

"बुजगावणं दिसतेस मेले!"

कावळे खरंच बुजले. पण थोडेच दिवस. मग एक मेला थेट इरल्यावर येऊन बसला आणि तिथून साटं बघायला लागला. जाऊ हसून हसून गडग्यावरून घसरली.

परवा तपासणी झाली. गाल स्वच्छ. परत आले तर जाऊ दारात, चेहरा उतरलेला.

"माझ्या कपाळावर बघ गो. काळं काहीतरी आलंय."

मी तिला उजेडात ओढली. अंगठा ओला करून डाग घासला. निघाला. चाटून बघितला. आमरस, सुकून काळा पडलेला.

"चोरटे! माझी साटं खातेस?"

ती पळाली. तिच्यामागून मी, इरल्यासकट.