औषधाच्या डब्यावरचं इंग्रजी

अकरावीच्या पहिल्या चाचणीत मला इंग्रजीत पंचवीसपैकी सहा मार्क पडले. दहावीपर्यंत दिंडोरीजवळच्या आमच्या गावच्या शाळेत मी इंग्रजीत पहिली येत असे, कारण गाइडमधली उत्तरं मला स्वल्पविरामासकट पाठ असायची. नाशिकच्या कॉलेजात प्रश्न फिरवून विचारले होते. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मी सुंदर अक्षरात लिहून आले होते.

पेपर परत देताना इंग्रजीच्या मॅडमनी मला थांबवून घेतलं. पन्नाशीच्या बाई, चष्मा कायम गळ्यात, आणि बोलता बोलता खडूचे बारीक तुकडे करायची सवय. अभ्यास कसा करतेस, असं त्यांनी विचारलं. मी गाइडचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

"घरात इंग्रजी काय काय आहे तुझ्या?"

"काही नाही मॅडम. आमची द्राक्षाची बाग आहे."

"नीट बघ. सापडेल ते वहीत उतरवून आण. आणि दिवाळीपर्यंत गाइड उघडायचं नाही."

मला ती शिक्षाच वाटली. पण रविवारी घरात शोधायला लागले आणि थांबताच येईना. खताच्या गोण्या, टॉर्चचे सेल, रेडिओची पाठ, आईची क्रीमची डबी, ट्रॅक्टरचं पुस्तक, आणि औषधांच्या खोलीतले फवारणीचे डबे. ज्या खोलीत मी लहानपणापासून नाक दाबून शिरायचे, तिथे दुपारभर फरशीवर बसून होते. संध्याकाळी वहीची अकरा पानं भरली होती. सोमवारी ती वही मॅडमना कधी एकदा दाखवते असं मला झालं.

त्यातली पाच वाक्यं दर आठवड्याला निवडायची, असं त्यांनी ठरवून दिलं. आधी क्रियापद शोधायचं, म्हणजे कोण काय करतंय ते कळतं. मग वाक्य उलटंपालटं करून बघायचं. 'वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका' ही आज्ञा झाली, तीच कर्मणी प्रयोगात कशी लिहाल? वर्गात मुली कर्मणीचे नियम घोकत होत्या आणि माझ्याकडे औषधांच्या खोलीत कर्मणीची रास पडली होती. डबा कोरड्या जागी ठेवला जावा, हात साबणाने धुतले जावेत, रिकामा डबा पुरला जावा. हे सगळं कोणी करायचं ते लिहिलेलंच नसायचं. ते नानांनी करायचं, हे मला माहीत होतं. कर्मणी प्रयोग म्हणजे काय ते मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

नाना म्हणजे माझे वडील.

पाठ्यपुस्तकाची रीत वेगळी होती. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, घरात कोणाला तरी तो मराठीत सांगायचा आणि मग इंग्रजीत पाच वाक्यं लिहायची. मी आईला सांगायचे. ती हातातलं काम करता करता ऐकायची आणि "मंग पुढं?" विचारायची. जिथे मी अडखळायचे, तिथे धडा मला कळलेला नसायचा. गाइड असतं तर ते कधी उघडकीलाच आलं नसतं. बारावीत जाईपर्यंत माझे मार्क शंभरापैकी पन्नासच्या वर सरकले होते, आणि मुख्य म्हणजे इंग्रजीच्या तासाला मी मागच्या बाकावर लपायचं सोडलं होतं.

बारावीच्या वर्षी नानांनी पहिल्यांदा द्राक्षं परदेशी पाठवायचं ठरवलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि आमच्याकडे जो तो निर्यातीचं बोलत होता. द्राक्षं तपासून, खोक्यात भरून परदेशी पाठवणाऱ्या पिंपळगावच्या पॅकहाउसने नानांना इंग्रजी कागदांची चळत दिली. नानांनी ती न वाचता देवघराच्या फळीवर ठेवली. जानेवारीत एका रविवारी मी ती खाली काढली. कोणती औषधं चालतील, कधी चालतील, याची यादी होती. प्रत्येक औषधापुढे एक आकडा आणि वर मथळा, 'प्री-हार्वेस्ट इंटर्व्हल'. हार्वेस्ट म्हणजे काढणी, ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात होतं. इंटर्व्हल तर काय, नाशिकच्या थेटरात कितीदा पाहिलेलं. मी नानांना आत्मविश्वासाने सांगितलं, की माल काढायच्या आधी मजुरांना सुट्टी द्यायची असते.

नाना म्हणाले, "ऐन काढणीला कसली सुट्टी? येडे हायेत का ते?"

मलाही ते पटेना. सोमवारी कागद घेऊन मॅडमकडे गेले. मी सुट्टीचं सांगितल्यावर त्या खूप हसल्या, पण अर्थ मात्र सांगेनात.

"तुला माहीत असलेला शब्द बाजूला ठेव. खालचं अख्खं वाक्य वाच. दोनदा."

दुसऱ्यांदा वाचताना डोक्यात लख्ख उजाडलं. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये इतके दिवस मोकळे जायला हवेत! मी यादीवरून बोट फिरवत आमच्या औषधापाशी आले. भुरी रोगावरचं ते औषध नाना त्याच दिवशी दुपारी मारणार होते. त्याच्यापुढे तीस होतं, आणि आमची काढणी पंधरा दिवसांवर होती.

मॅडमना नीट सांगितलंही नाही. वही घेतली, कागद घेतले आणि स्टँडकडे पळाले. दिंडोरीची एसटी लागलेलीच होती. वाटेत ती प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि मी बसल्या जागी पायांनी तिला ढकलत होते. फाट्यावरून बागेपर्यंतचा रस्ता धावत काढला. ट्रॅक्टर उभा होता, टाकीत पाणी भरलं होतं, आणि नाना डब्याचं झाकण काढत होते.

धापा टाकत मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काल तर सुट्टी म्हनत व्हती तू."

मी यादीतला तो आकडा त्यांच्यापुढे धरला. दुकानदाराने हेच औषध चालतं असं सांगितल्याचं ते म्हणाले. गावच्या बाजाराला ते चालतच होतं. मी म्हटलं, पॅकहाउसमध्ये जाऊन विचारू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, झाकण परत घट्ट लावलं आणि मोटरसायकल काढली.

पॅकहाउसमध्ये मालाची तपासणी करणारे साहेब दक्षिणेकडचे होते. मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकं. नाना हिंदीत विचारायला गेले आणि गोंधळ वाढतच गेला. मग मी मध्ये तोंड घातलं. इंग्रजीत. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाशी परीक्षेसाठी नव्हे, तर खरंच काहीतरी हवं म्हणून इंग्रजी बोलत होते. माझं पहिलं वाक्य चुकलं, तेव्हा ते मी मध्येच सोडून दुसरं सुरू केलं. औषधाचं नाव, आकडा, काढणीची तारीख. साहेबांनी यादी पाहिली आणि माझं बरोबर असल्याचं सांगितलं. त्याऐवजी काय मारायचं, तेही त्यांनी सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एक स्पेलिंग दुरुस्त केलं. मला इतका आनंद झाला होता, की चूक निघाल्याचंही काही वाटलं नाही.

घरी आल्यावर नाना आईला म्हणाले, "पोरगी साहेबाशी बोलली. त्याला समजलं सगळं."

कडेच्या दोन ओळींत भुरी आलीच. तेवढी द्राक्षं बाजारात गेली, बाकीचा माल तपासणीत पास झाला. पण गावात बातमी फिरली आणि निर्यातीवाले शेतकरी आपापले कागद घेऊन आमच्या ओट्यावर येऊ लागले. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली होती. आई वैतागायची, की पोरीने अभ्यास कधी करायचा. मी तिला सांगायचे, हाच माझा अभ्यास चाललाय. प्रत्येक कागदाचा सारांश मी त्यांना चार वाक्यांत सांगत होते, आणि सारांशलेखनाचा प्रश्न पेपरात असायचाच.

परीक्षेत न पाहिलेला उतारा आला, समुद्रातल्या दीपस्तंभांबद्दलचा. समुद्र मी तोवर पाहिलाही नव्हता. तीन शब्द अनोळखी होते. मी घाबरले नाही. अख्खं वाक्य दोनदा वाचलं, कोण काय करतंय ते शोधलं, आणि दोन शब्दांचा अर्थ आपोआप उलगडला. तिसरा शेवटपर्यंत कळला नाही, पण त्याच्यावाचून अडलंही नाही.

निकालात इंग्रजीला अठ्ठ्याहत्तर मार्क होते. मॅडमनी गुणपत्रिका हातात घेऊन चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. पुढे काय घेणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा इंग्रजीच घेणार, हे माझ्या तोंडून निघून गेलं. घरी सांगितल्यावर नानांनी एवढंच विचारलं, की त्यात नोकरी लागती का. मला काहीच माहीत नव्हतं. तरी मी ठणकावून हो म्हटलं, आणि ते खरं व्हायला पुढची सहा वर्षं लागली.