बाळंतिणींचा वॉर्ड होता तिथं

पुतण्यानं नव्या जालन्यात फ्लॅट घेतला, तो दाखवायला परवा मला घेऊन गेला. जुना दवाखाना पाडून तिथं इमारती उठल्यात. फरशी नुकतीच फिनाइलनं पुसली होती. तो वास नाकात गेला आणि मी दारातच थांबले.

याच जागी बाळंतिणींचा वॉर्ड होता. माझी मुलगी जन्मतानाच गेली. सासूबाई तिला कापडात गुंडाळून घेऊन गेल्या, मला तोंडही दाखवलं नाही. छाती दुधानं ठणकत होती, पदर ओला झाला होता. शेजारच्या खाटेवर मस्तगडची शाहीन होती. तिचं पोरगं रडून रडून लालबुंद झालं होतं.

"बाई, मला दूधच उतरून न्हाई राह्यलं," ती म्हणाली. "जरा घेतीस का याला?"

मी हात पुढं केले. बाळ गरम होतं, टाळूला तेलाचा वास येत होता. ते लुचू लागलं तशी मी रडायला लागले. शाहीन पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रो मत. पुढच्या साली तुझं येतंय बघ," ती म्हणाली, आणि मला ते बिलकुल खरं वाटलं.

माझी कूस पुन्हा उजवली नाही. तेव्हा ते दूध पाजणं मला सुरुवात वाटली होती. माझ्या वाट्याचं आईपण तेवढंच होतं, हे कळायला बरीच वर्षं गेली.

"काकू, हा आमचा हॉल," पुतण्या म्हणाला. "कसा वाटला?"

"चांगला आहे," मी म्हणाले. इथं आधी काय होतं ते त्यानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.