दानूचं कीर्तन आणि माझी कोंबडी

दानू गेल्याचा निरोप मिरजगावहून आलेल्या माणसानं शाळेच्या दारातच दिला. मी मुलींना पाढे लिहायला लावले आणि आईला सांगायला घरी गेले. माझा धाकटा भाऊ कीर्तनासाठी परगावी गेला आणि तिथंच तापानं संपला... महिना झाला. लोक म्हणतात, साधू माणूस गेला. पण मी त्याला साधू होण्याच्या आधीपासून ओळखत होते.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली तेव्हा वडिलांचा बैल परस्पर विकून तो तमाशाच्या फडाबरोबर पळाला. ढोलकी आणि दारू. आमच्या ख्रिस्ती मंडळीनं त्याचं नाव सभासदांतून काढून टाकलं. वडील हाय खाऊन गेले, आईचे डोळे अधू झाले. मला मागणी घालायला आलेल्यांना मी चहा पाजून परत पाठवलं आणि शेवगावच्या शाळेतल्या नोकरीवर घर चालवलं.

मग एके दुपारी तो अनवाणी दारात उभा राहिला. धान्य मिळेना असे दिवस, तरी आईनं माझी अंड्यावरची कोंबडी कापायला लावली. रविवारी त्यानं भरल्या मंडळीपुढं एकेक पाप नाव घेऊन कबूल केलं. पाळकसाहेबांनी त्याला हात धरून पुढं नेलं, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला दिला. सगळे रडले. तीच भाकर, तोच प्याला मी इतकी वर्षं घेत होते. माझ्यासाठी कधी कुणी पदर डोळ्याला लावला नव्हता.

पुढं तो ख्रिस्ती कीर्तनकार झाला. शास्त्रातल्या हरवलेल्या आणि सापडलेल्या मुलाच्या गोष्टीला जोडून आपलीच गोष्ट सांगायचा. बैल, दारू, वाट पाहणारी आई. माणसं हुंदके द्यायची. एकदा जेवताना मी विचारलंच, "दानू, तुझ्या कीर्तनात मी कुठं हाय रे?"

"अक्के, तू हरवलीच न्हाईस. तुला सापडवू कुठनं?"

"मग कोंबडीचं तरी नाव घे. ती माझी हुती."

तो ठसका लागेपर्यंत हसला. पण पुढच्या कीर्तनात कोंबडीही आली नाही.

मातीच्या दिवशी एका अनोळखी बाईनं मला विचारलं, "तुमी कोन त्यांच्या?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अगं बाई! त्यांना बहीण हुती व्हय?"

संध्याकाळच्या प्रार्थनेत आई अजून दानूसाठी मागते. परवा मी म्हटलं, "आई, तो आता देवाजवळ हाय. गेलेल्यासाठी आपल्यात मागायचं नसतं."

"मग कुनासाठी मागू?"

"मी हाय की."

"तुला काय कमी हाय गं?" तिला खरंच कळेना.

तिनं हात जोडले. सवयीनं "बापा, माझ्या दानूला..." इथवर आली आणि थांबली. तव्यावर भाकरी करपू लागली होती. मी उठले नाही. पुढं ती कुणाचं नाव घेते, ते ऐकायला बसून राहिले.